थेंब कुणी टाकला

काचेच्या बरणीतलं पाणी काळं झालं, तेव्हा हॉलमधल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला आणि बाहेर सोडायचा विसरून गेली.

"हे," बरणी डोक्याच्या वर धरत शक्तीसर म्हणाले, "हे तुमचं पोट आहे."

पहिल्या रांगेतल्या शिंप्याचा हात आपोआप पोटावर गेला. पोस्टमननं आपला हात तिथवर जाता जाता मागे घेतला आणि खिशात घातला.

काळं कसं झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी स्वच्छ पाणी. त्यात पावाचा कुस्करलेला तुकडा: "हे तुमचं रोजचं जेवण." मग खिशातल्या छोट्या बाटलीतले पाच थेंब: "ही तुमची काळजी, हा गाड्यांचा धूर, हे रस्त्यावरचं तळलेलं." थेंब पडले आणि निळंकाळं काहीतरी ढगासारखं पसरत खालपर्यंत गेलं.

"शर्ट इस्त्रीचा आहे. भांग नीट पाडलाय. सकाळी साबण लावून आंघोळ केलीय. आतून कोणी धुतलं? चाळीस वर्षं खाताय, गेलं कुठे सगळं? आतड्यांना चिकटून बसलंय. भाडेकरूसारखं. भाडं देत नाही, जागा सोडत नाही."

लोक हसले. शक्तीसर बोलायचे झकास, हे त्यांच्या वैऱ्यानंही मान्य केलं असतं. दंड असे, की बाहीची दया यावी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही कापडाची रिकामी वखार घेऊन व्यायामशाळा काढली. पहिलं वर्ष लोखंड उचलायला लावण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की लोकांना लोखंड उचलण्यापेक्षा चमचा उचलणं जास्त आवडतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी 'शुद्धी'.

सरांनी पिवळा डबा उघडला. एक चमचा पावडर बरणीत टाकली, झाकण लावलं, डोळे मिटून हलवलं. काळं पाणी राखाडी झालं, मग पांढरं. दुधासारखं पांढरं.

आता दीडशे श्वास बाहेर पडले.

"आणि ज्यांना वाटतं ही हातचलाखी आहे," सर म्हणाले, "त्यांनी माझ्याकडे बघू नका. हिच्याकडे बघा. ये गं, आमची अग्निकन्या."

मंचावर चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी चढली. उंच, रुंद खांद्यांची; पण चेहऱ्याचा रंग धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा झालेला. अग्निशमन दलाच्या भरतीची तिची मैदानी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पन्नास किलोची वाळूची गोणी खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचे होते. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी होती.

"सांग सगळ्यांना. रोज किती वेळा जावं लागतं?"

मुलीनं खाली पाहिलं. "पाच. कधी सहा."

"आणि पोटात?"

"मुरडा येतो. फुगतं. आवाज होतात."

"ऐका," सर म्हणाले. "विष निघतंय. रडत निघतंय. भाडेकरू भांडी आपटत बाहेर पडतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आपल्या लेकीच्या जुलाबांना टाळ्या पडताना बघायची वेळ फार थोड्या आयांवर येत असेल. ती ज्या आईवर आली होती ती शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उभी होती, आणि तिच्या नाकात एक वास शिरला होता. सरांनी थेंब टाकून ती छोटी बाटली टेबलावर उघडीच ठेवली होती. पंखा तिकडून इकडे वारा फेकत होता. तो वास ती झोपेतही ओळखू शकली असती. तिसरा कप्पा, डावी बाजू, तपकिरी बाटली.

"आयोडीन," ती शेजारी उभ्या असलेल्या नणंदेला म्हणाली.

"गप्प बस वहिनी. तुला जिथे तिथे शाळाच दिसते."

बाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, बर्नर पुसले, फुटलेल्या काचा उचलल्या. शाळेत सगळे त्यांना लॅबबाई म्हणत, मग गल्लीतही म्हणू लागले. शिक्षण नववीपर्यंत. पण बावीस वर्षं तोच तास, तीच वाक्यं, कोपऱ्यात बसून नळ्या पुसता पुसता कानावर पडली की भिंतीलाही थोडंफार विज्ञान येतं. पावात पिष्ट असतं. पिष्टावर आयोडीन पडलं की काळंनिळं होतं. सातवीच्या मुलांना हा प्रयोग दाखवतात, आणि त्यांना तो आवडतो. पण त्यांतलं एकही पोर आजवर घरी जाऊन आपलं पोट धुवायला लागलेलं नाही.

काळं का झालं ते त्यांना कळलं होतं. पांढरं का झालं ते मात्र कळेना, आणि तेवढ्यापायी त्या तिथे गप्प राहिल्या. अर्धवट कळलेल्या माणसानं भर सभेत तोंड उघडू नये, असं त्यांचं मत होतं. सरांचं तसं नव्हतं.

---

"अगं, जरा थांब तरी दोन दिवस," घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या.

"मध्येच थांबलं की विष उलटतं."

"कोण म्हणालं?"

"सर."

"आणि त्रास झाला नसता तर? मग काय म्हणाले असते?"

"मग पोट आधीच शुद्ध आहे असं."

"म्हणजे पोट बिघडलं तरी पावडर गुणाची, आणि नाही बिघडलं तरी गुणाचीच. अगं, चुकायची सोयच ठेवली नाहीये त्या माणसानं."

"आई, मला पन्नास किलो उचलायचंय. प्रोटीन लागतं. हे तरी खरं आहे ना?"

हे खरं होतं. लॅबबाईंचा राग इथेच अडायचा. खोटं निखळ खोटं असतं तर एका झटक्यात उपटून फेकता आलं असतं. हे खऱ्याच्या मुळाशी उगवलेलं होतं.

लेक पुन्हा आत पळाली. पाणी सोडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. लॅबबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या पेल्याची वेळ झाली होती. पावडर पाण्यातून घ्यायची असं डब्यावर लिहिलेलं. पण पाण्यात काय असतं? आई म्हणून त्यांना राहवेना. पोर इतकी खंगलीय, निदान पोटात काहीतरी कसदार जावं म्हणून त्यांनी, रोजच्यासारखं, मोठा पेला भरून दूध तापवलं आणि त्यात चार चमचे ढवळले. पावडर जाऊ दे खड्ड्यात, दूध तरी अंगी लागेल.

लेक बाहेर आली. गालांची हाडं वर आली होती. तिनं पेला उचलला, नाक मुरडलं आणि डोळे मिटून घटाघटा प्यायली.

"तू बाटल्या धुतेस आई," ती पेला ठेवत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "सरांनी याचा अभ्यास केलाय."

लॅबबाईंनी पेला उचलला आणि धुतला. धुण्याचंच काम त्यांचं.

---

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी प्रयोगशाळेला आतून कडी लावली. घरच्या डब्यातली पावडर कागदाच्या पुडीत आणली होती. जेवणाच्या डब्यातला पाव, बरणीत पाणी, तिसऱ्या कप्प्यातली तपकिरी बाटली. थेंब टाकले, काळं झालं. पावडर टाकली, हलवलं. पांढरं.

लॅबबाई स्टुलावर बसल्या. म्हणजे सर खरं बोलत होते की काय?

मग त्यांनी पावडरीच्या डब्याचं झाकण आणि त्यावरून सोललेलं लेबल पिशवीतून काढलं. घटक इतक्या बारीक अक्षरांत छापले होते, की वाचायला जीवशास्त्राचं भिंग लागलं. मुंगीचे पाय पाहायचं भिंग. दुधाची भुकटी. व्हे. साखर. गोडीसाठी कसलंसं लांबलचक नाव. केशराचा स्वाद. आणि अगदी शेवटी, दाराआड लपल्यासारखं: क जीवनसत्त्व.

पहिलं नाव वाचून त्यांना उलट बरं वाटलं. चला, दूध तर आहे. नजर पुढे सरकली ती क जीवनसत्त्वावर थांबली. काहीतरी आठवलं. नववीच्या वर्गात मुलं कशाचा तरी रस घालून हेच काळं पाणी पांढरं करायची. कशाचा?

त्या उठून शाळेच्या खाणावळीत गेल्या आणि अर्धं लिंबू मागून आणलं. नव्या काळ्या पाण्यात पिळलं. पाचव्या-सहाव्या थेंबाला काळेपणा पळाला.

आयोडीनचा रंग क जीवनसत्त्वानं जातो, बस. यात पोट कुठेच नाही. आतडं नाही, विष नाही, भाडेकरूही नाही. त्या एकट्याच हसल्या, आणि बरणी, लिंबू, बाटली पिशवीत घालून जवळजवळ धावत घरी गेल्या.

लेकीनं सगळं पाहिलं. नणंदही शेजारच्या घरातून आली आणि दारात उभी राहून पाहू लागली. काळं झालं, लिंबू पिळलं, गेलं.

"बघ," लॅबबाई म्हणाल्या.

"म्हणजे काळं जातं," लेक म्हणाली.

"जातं, पण..."

"लिंबानं जातं आणि पावडरनंही जातं. मग सर काय वेगळं सांगतात?"

"मी तेव्हाच म्हणत होते," नणंद म्हणाली. "लिंबू चांगलंच असतं पोटाला. सरांच्या पावडरीत तर प्रोटीनही आहे वर."

लॅबबाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. हातात पुरावा होता आणि तो पुरावा समोरच्याच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळा झाला होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर निदान ते बाजूला तरी वाहतं. इथे घडाच म्हणत होता, की बघा मी कसा भरलोय.

---

घडा फुटला तो चौथ्या दिवशी.

लेक रोज सकाळी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत सराव करायची. गवंडी कामाला यायच्या आधी गोणी घेऊन तीन मजले वर, तीन मजले खाली. महिन्यापूर्वी ती हे दोनदा लागोपाठ करायची. त्या सकाळी पहिल्याच फेरीत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोटात असा पीळ आला, की गोणी खांद्यावरून सुटली. ती गडगडत खाली गेली आणि फुटली. सगळी वाळू जिन्यावर. त्या दिवशी लवकर येऊन तळमजल्यावर सिमेंट कालवणारा एक म्हातारा गवंडी थोडक्यात वाचला.

"खरा माणूस असता खांद्यावर," तो वर पाहत म्हणाला, "तर काय केलं असतंस, पोरी?"

तो रागावून बोलला नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून आडवी पडली. लॅबबाईंनी काही विचारलं नाही. चपला तिच्या पायांत सरकवल्या आणि तिला दवाखान्यात नेलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण कमी बोलणारी होती. तिनं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, ताप आहे का, रक्त जातं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का, ते विचारलं. मग डब्याचं सोललेलं लेबल हातात घेऊन वाचलं. भिंगाशिवाय.

"किती घेतेस?"

"सकाळी चार चमचे, संध्याकाळी चार."

"इथे दोन लिहिलंय. आणि कशातून?"

"दुधातून."

"लहानपणी दूध आवडायचं?"

लेक पहिल्यांदा किंचित हसली. "नाही. ओकायचे. आई नाक दाबून पाजायची."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "आणि आता दूध कोण घालतं?"

बाहेर कंपाउंडर कुणाच्या तरी नावानं हाका मारत होता. लॅबबाई टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका बोटानं दाबत बसल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला बोलत नाहीये मी. नीट ऐका दोघी. दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती फोडायला आतड्यात एक पाचक रस लागतो. काहींच्या पोटात तो भरपूर असतो, काहींच्या कमी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अर्ध्या जगाला कमीच असतो. न फुटलेली साखर खाली जाते. तिथले जंतू ती आंबवतात, म्हणून गॅस. साखर पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब. या डब्यात दुधाची भुकटी आहे. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर जे पाणी उरतं ते वाळवलेलं. या स्वस्त प्रकारात ती साखर तशीच असते. हे गोडीचं जे लांब नाव आहे, तेही बऱ्याच जणांचं पोट ढिलं करतं. त्यात दुप्पट चमचे. आणि हे सगळं पेलाभर दुधातून, दिवसातून दोनदा."

"म्हणजे विष..." लेक म्हणाली.

"काही बाहेर पडत नाहीये गं. आत जातंय."

"सर म्हणतात मध्येच सोडलं तर उलटतं."

"उलटलं तर सरळ माझ्याकडे ये. दार इथेच आहे. आज पावडर बंद, दूध बंद. पाणी भरपूर, मीठ-साखर घालून. चार दिवसांत पोट शांत झालं नाही तर आपण तपासण्या करू. सगळंच लॅक्टोजवर ढकलून मी मोकळी होणार नाही."

"आणि ताकद?" हे लॅबबाईंनी विचारलं. "दुधाशिवाय ताकद कशी येणार हो?"

डॉक्टरणीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत थोडी गंमत होती. "बाई, बैलाला ताकद असते ना? तो रोज पेलाभर दूध पितो का? अंडी द्या. मसूर भिजवून, मऊ शिजवून द्या. दाणे, मासे, जे परवडेल, जे पचेल ते. एवढ्यानं भागतं. तरीही पावडर हवीच वाटली तर वाटाण्याची मिळते, दूध नसलेली, साधी, चवीला मातीसारखी. अर्ध्या चमच्यानं सुरुवात, पाण्यातून. पोट काय म्हणतं ते तीन दिवस ऐकायचं आणि मग वाढवायचं. पोटाला विचारून. सरांना नाही."

दोघी परतीच्या वाटेला लागल्या.

"मला वाटायचं," लॅबबाई म्हणाल्या, "दूध म्हणजे ताकद."

"कोण म्हणालं?" लेकीनं विचारलं.

हा त्यांचाच प्रश्न होता, त्यांच्याच सुरात. आई म्हणायची. आईची आई म्हणायची. कुणी बरणीत घालून दाखवलं नव्हतं; दाखवायची गरजही पडली नव्हती. लहान पोर ओकत होती, सांगत होती, आणि त्या नाक दाबत होत्या. शक्तीसरांनी निदान नाक तरी दाबलं नव्हतं.

---

तिसऱ्या दिवशी घरातला संडास रिकामा राहू लागला. पाचव्या दिवशी लेकीनं मसुराची दुसरी वाटी मागितली. आठव्या दिवशी तिनं वाटाण्याची पावडर पाण्यात ढवळून प्यायली आणि म्हणाली, "खरंच मातीसारखी आहे." पोट काही म्हणालं नाही. काहीही उलटलं नाही.

रविवार आला. लॅबबाई पिशवी घेऊन निघाल्या, तशी लेकही उठली.

"तू नको येऊस. परीक्षा आहे तुझी आठवड्यावर."

"टाळ्या मला पडल्या होत्या," लेक म्हणाली.

हॉल भरलेला होता. पाव झाला, थेंब पडले, बरणी काळी झाली, श्वास आत गेले. तेव्हा शेवटच्या रांगेतून लॅबबाई चालत पुढे आल्या आणि त्यांनी आपली बरणी टेबलावर ठेवली.

"सर, माझं पोट काळं करून देता?"

लोक हसले. सरही हसले. "या ताई, या. आत काय आहे?"

"पाणी आणि पाव. माझं जेवण. सकाळी घरून आणलंय."

सरांनी खिशातली बाटली काढली. लॅबबाईंनी बरणीच्या तोंडावर हात ठेवला.

"त्याच्याशिवाय."

"म्हणजे?"

"विष माझ्या पोटात आहे ना? मग तुमचा थेंब कशाला? नुसतं काळं करून दाखवा. मी थांबते."

सर बरणीकडे पाहत राहिले. बरणीतलं पाणीही, जसं होतं तसं, त्यांच्याकडे पाहत राहिलं.

"ताई, हे प्रतीक असतं," सर म्हणाले.

"थेंब तुमचा. थेंब घालवणारी पावडर तुमची. मधलं पोट तेवढं आमचं." त्यांनी पिशवीतून त्यांची तपकिरी बाटली काढली, आपल्याच बरणीत पाच थेंब टाकले. काळं झालं. मग लिंबू काढलं आणि शिंप्याच्या हातात दिलं. "पिळा."

शिंप्यानं पिळलं. काळं गेलं. शिंपी आपल्या बोटांकडे बघत बसला, जणू ती आजवर त्याच्यापासून काहीतरी लपवत होती.

"हे आयोडीन आहे. जखमेवर लावतात ते. लिंबात आणि त्या डब्यात क जीवनसत्त्व आहे, त्यानं आयोडीनचा रंग जातो. पोट धुतलं जात नाही. सातवीची मुलं काळं करतात, नववीची पांढरं करतात. तुम्ही दोन्ही वर्गांना गैरहजर होतात, एवढंच."

"ताईंच्या मनातच विष आहे," सर म्हणाले. आवाज गोड होता. "असूया. ती सगळ्यात शेवटी निघते. आमच्या अग्निकन्येला विचारा."

"विचारा," लेक मागून म्हणाली. ती मंचावर चढली नाही, खालीच उभी राहिली. "मला दूध पचत नाही. त्या डब्यात दुधाची भुकटी आहे. मी थांबवलं आणि तीन दिवसांत बरी झाले. विष उलटलं नाही. माझी गोणी जिन्यावरून पडली होती. खाली माणूस होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ही शांतता लॅबबाईंना टाळ्यांपेक्षा बरी वाटली. त्यांनी तिचा फायदा घेतला.

"आणि ती पावडर दुधातून मी देत होते," त्या म्हणाल्या. "सरांनी नाही. डब्यावर पाणी लिहिलंय. सरांच्या थेंबात काय आहे ते मी शोधत फिरले, आणि स्वतःला एक प्रश्न विचारला नाही. तेव्हा मी काही शहाणी म्हणून उभी नाहीये इथे. ज्यांना हे पचतं त्यांनी खुशाल घ्या, पावडर म्हणजे जहर नाही. पण ज्यांचं पोट दुखतंय, त्यांनी ऐका त्याचं. पोट दुखतं ते काहीतरी सांगायला. टाळ्या घ्यायला नाही."

पोस्टमन उठला आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेला. त्याच्यामागे चार-पाच जण. शिंप्यानं विचारलं, "लिंबू ठेवू का मी?" बाकीचे बसून राहिले. सरांनी घसा साफ केला आणि नवी बरणी घेतली, आणि लॅबबाई दाराबाहेर पडेपर्यंत मागून "पाव म्हणजे तुमचं रोजचं जेवण" सुरूही झालं होतं. नणंद आत होती. तिसऱ्या रांगेत. तिला ते सगळं पचत होतं, आणि तिच्या मते तिची पाठ त्यानंच बरी झाली होती.

---

परीक्षेच्या दिवशी लॅबबाईंना फाटकाच्या आत सोडलं नाही. भिंत उंच होती. त्यांनी भिंतीला कान लावला आणि आपण काय करतोय ते लक्षात येताच बाजूला झाल्या. आतून शिट्टी ऐकू आली. मग बुटांचे आवाज. गोणी पडल्याचा आवाज येईल म्हणून त्या जीव मुठीत धरून उभ्या राहिल्या. तो आलाच नाही.

लेक बाहेर आली ती खांद्यावर वाळूचे कण घेऊन. "झालं," ती म्हणाली. "आठ सेकंद हातात राखून." मग म्हणाली, "भूक लागलीय." लॅबबाईंनी पिशवीतून उकडलेली अंडी काढली. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून लेकीनं चार खाल्ली, कवचं आईच्या ओंजळीत टाकत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. सत्य जिंकलं, पाणी पांढरं. पण निकाल लागल्यावर आठवड्यानं व्यायामशाळेच्या दारावर मोठा फलक लागला. त्यावर लेकीचा, त्या रविवारचा विटलेल्या चेहऱ्याचा फोटो होता आणि खाली अक्षरं: "आमची अग्निकन्या निवडली गेली. शुद्धीचा चमत्कार." नणंद पेढ्यांचा पुडा घेऊन आली.

"बघ वहिनी. तू उगाच शंका घेतलीस. सरांनी आधी विष काढलं, म्हणून तर नंतर अंडी लागू पडली."

लॅबबाईंना राग आला होता, पण तो आता कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, दहा जण पावडर घेतात. एक निवडली जाते, तिचा फोटो लागतो. बाकी नऊ जणांचे फोटो कुठे लागलेत, ते दाखवाल मला?"

नणंदेनं विचार केला. खरोखर केला, भुवया एकत्र आल्या. मग पेढ्याचा पुडा तसाच ठेवून ती घरी गेली. एवढंही पुष्कळ होतं.

फलक काढायला लेक स्वतः गेली. नवा गणवेश अजून मिळाला नव्हता, पण शिडी कशी लावायची ते आता तिला सरकारी पद्धतीनं येत होतं. सर दारात आले. "अगं, फुकट प्रसिद्धी आहे तुझी."

"माझ्या जुलाबांची," ती म्हणाली आणि चार खिळे काढले.

फलकाच्या कोऱ्या पाठीवर तिनं घरी बसून जाड ब्रशनं काहीतरी लिहिलं आणि तो आईच्या प्रयोगशाळेच्या दाराला लावला. मुख्याध्यापकांनी दोनदा काढायला सांगितला, विज्ञानाच्या बाईंनी दोनदा राहू दिला. अजून आहे. सातवीची मुलं आत जाताना वाचतात, आणि लॅबबाईही वाचतात. रोज सकाळी, कुलूप उघडता उघडता. कधी कधी घरी दूध तापवतानाही त्यांना तो आठवतो, आणि त्या गॅस बंद करून लेकीला आधी विचारतात.

"तुम्हाला कोणी काळं पाणी दाखवलं, तर घाबरण्याआधी आणि डबा घेण्याआधी एवढंच विचारा, की थेंब कुणी टाकला. दाखवणारा परका असेल तर मोठ्यानं विचारा. घरचा असेल तर प्रेमानं विचारा. पण विचारा."